भुजंगचं युवक मंडळ

कुंभार पिंपळगावच्या बाजारात भुजंगचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. कुठलीही भरती निघाली की आसपासची पोरं त्याच्याकडंच येतात. स्वतः भुजंग तीनदा पोलीस भरतीला पळाला आणि तिन्हीदा थोडक्यात राहिला. घड्याळ लावून पळवणारं कुणी असतं तर आपणही लागलो असतो, हे त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

म्हणून सदतिसाव्या वर्षी त्यानं सहा किलोमीटरवरच्या आपल्या गावात युवक मंडळ काढलं. ग्रामपंचायतीच्या मागं लागून गुरांच्या जुन्या दवाखान्याची खोली मिळवली. पोरांना हाताशी धरून तिच्यातला कचरा उपसला, चुना मारला, पुस्तकं मागून आणली. सकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर पळायचं, मग या अभ्यासिकेत बसायचं. सहा पोरांची दिवाळीपर्यंत अठ्ठावीस झाली. दिवसभर पानटपरीवर बसणारा कल्याणसुद्धा आला, आणि असा सुधारला की भुजंगनं त्यालाच कॅप्टन केलं.

त्याची बायको मीना कुरकुरायची, "दुकान वाऱ्यावर सोडून हे काय करून राह्यले तुम्ही?"

"एक जरी पोरगं लागलं ना, तरी बस झालं," भुजंग म्हणायचा.

लागण्यासारखी होती ती एक पोरगीच. आकांक्षा एकदा गंमत म्हणून पोरांबरोबर पळाली आणि निम्म्या पोरांच्या पुढं निघून गेली. भुजंग त्याच दिवशी तिच्या वडलांकडं, रखमाजींकडं गेला. रखमाजी म्हणाले, "भुजंगा, तुझ्या भरोशावर पाठवतो. बाकी कुणाच्या न्हाई." भुजंगनं तिचा पोलीस भरतीचा फॉर्म भरला आणि ग्राउंडची तयारी सुरू केली.

तेवढ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली.

एका पॅनलचे प्रमुख धर्मराज. त्यांचा निरोप घेऊन कल्याण आला. "भाऊ, धर्मराजकाका व्यायामाचं सगळं सामान देतो म्हणतेत. फक्त मंडळाचं बॅनर त्यांच्या फोटोचं लावायचं."

"मंडळ कुणाच्या दावणीला बांधायचं न्हाई, कल्याण."

"भाऊ, तुम्हाला राजकारण कळत न्हाई."

आठ दिवसांत मंडळाची दोन शकलं झाली. निम्मी पोरं कल्याणबरोबर धर्मराजांकडं गेली, निम्मी विरोधी पॅनलकडं. ज्यांनी एकमेकांचे पाय धरून सिट-अप्स काढल्या होत्या, ती पोरं चावडीसमोर एकमेकांची गचांडी धरू लागली. अभ्यासिकेला एका गटानं कुलूप ठोकलं, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसऱ्यानं. भुजंग दोन्हीकडं हात जोडत फिरला. दोन्ही गट त्याला दुसऱ्याचा माणूस समजत होते.

पळायला आता चौघं-पाचजणच यायचे. एका सकाळी पळता पळता आकांक्षाच्या पायात गोळा आला. ती रस्त्यातच खाली बसली. भुजंगनं तिचा पाय धरून ताणला, गोळा सुटल्यावर तिला पाणी दिलं. कुणीतरी लांबून ते मोबाइलवर काढलं. दहा सेकंदांचा व्हिडिओ, खाली चार घाण शब्द. दुपारपर्यंत तो सगळ्या गावाच्या हातात होता.

भुजंग धावत रखमाजींकडं गेला. "तात्या, पाय आखडल्ता तिचा. बाकीची पोरं होती तिथं."

"मला ठाव हाय रे," रखमाजी खाली बघत म्हणाले. "माझ्या लेकीला मी वळखत न्हाई का? पण मी कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू?"

दाराआड आकांक्षा उभी होती. ती बाहेर आली नाही.

तीन आठवड्यांत भोकरदनकडच्या एका घरात तिचं लग्न झालं. भुजंगला बोलावणं नव्हतं. पुढं महिन्याभरानं तिचं हॉलतिकीट आलं. भुजंगनं न राहवून तिला फोन लावला. ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, नका करत जाऊ फोन. माझा मोबाइल इथं सगळे बघतेत." भुजंगनं तारीख सांगायला तोंड उघडलं, तोवर फोन ठेवलेला होता.

धर्मराजांचं पॅनल निवडून आलं. अभ्यासिकेत त्यांनी खताच्या गोण्या टाकल्या. पोरं पानटपरीवर परतली, काही पुण्याकडं कंपन्यांत गेली.

उन्हाळ्यात कल्याण दुकानात आला. सिक्युरिटी गार्डचा फॉर्म भरायचा होता. मान खाली घालून खुर्चीत बसला. भुजंगनं नाव, जन्मतारीख टाकली आणि हात थांबवला.

"तो व्हिडिओ तू काढल्ता का?"

"आईशप्पथ न्हाई, भाऊ." कल्याण घाईनं म्हणाला. "माझ्याकडं तर आल्ता. मी फक्त पुढं पाठवला. सगळ्यांनीच पाठवला."

त्याला हे सांगताना काही वाटत नव्हतं. उलट सुटल्यासारखा तो सावरून बसला. भुजंगनं परत स्क्रीनकडं बघितलं. शिवी द्यावी, उठून बाहेर काढावं, असं काहीच त्याच्यात उरलं नव्हतं. बाहेर अजून दोघं कागद घेऊन थांबली होती.

"उंची किती लिहू?" त्यानं विचारलं.