पाच-एक-सहा आणि पाच-सहा-एक

मोनिका बारावीला माझ्या फिजिक्सच्या वर्गात होती. वाटूरची. वडील सांडू मेंढ्या राखायचे, थोडी शेतीही होती. आई आसराबाई दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायची. पोरगी रोज एसटीनं जालन्याला यायची, पहिल्या बाकावर बसायची आणि उत्तर द्यायची ते शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. फाट्यावरच्या ट्रकांच्या गोंगाटातून मेंढ्यांना हाका मारून तिचा गळा तयार झाला होता. बोलताना ती एकाही शब्दाची शेपटी गिळत नसे.

पुढे परीक्षा देऊन ती विमानतळावर हवाई वाहतूक नियंत्रक झाली. रडारसमोर बसून रेडिओवरून विमानांना वर या, खाली या, वळा असं सांगायचं काम. यातला मुख्य नियम तिनं मला एकदा समजावला होता. आपण सांगायचं, वैमानिकानं तेच शब्द परत म्हणायचे, आणि तो बरोबर बोलला का ते आपण कान देऊन ऐकायचं. आठ वर्षं तिनं हे काम केलं, एक डाग न लागता.

मग एका ऑगस्टच्या दुपारी तिच्या पडद्यावर सारख्याच नंबरांची दोन विमानं आली. एक पाच-एक-सहा, दुसरं पाच-सहा-एक. मोनिकानं पाच-एक-सहाला आठ हजार फुटांवर यायला सांगितलं. उत्तर म्हणून कानात नुसती शिट्टी वाजली. दोन वैमानिक एकदम बोलले की रेडिओवर तशी शिट्टी येते, शब्द कळत नाहीत. तिनं लगेच पाच-एक-सहाला पुन्हा बोलायला लावलं. त्यानं बरोबर सांगितलं. पण तेवढ्यात दहा हजारांवर थांबलेलं पाच-सहा-एक खाली निघालं होतं. दुसऱ्याचा हुकूम त्यानं स्वतःचा समजला होता. त्याच्या खाली नऊ हजारांवर तिसरं विमान होतं.

पडद्यावरचा उंचीचा आकडा उतरताना दिसताच मोनिकानं पाच-सहा-एकला नंबरानं हाक मारून वळवलं आणि वर चढवलं. मध्ये हजार फूट हवे होते, चारशे उरले. कोणाला काही झालं नाही. प्रवाशांना कळलंसुद्धा नाही.

पाच-सहा-एकच्या कॅप्टननं दुसऱ्या दिवशी लेखी जबाब दिला. त्यात एक वाक्य होतं : नियंत्रकाचे उच्चार ग्रामीण वळणाचे आणि अस्पष्ट असल्यामुळे आकडे समजू शकले नाहीत.

चौकशी संपेपर्यंत मोनिकाला माइकवरून उठवलं. तो नियमच आहे, पण ते वाक्य सगळ्या ऑफिसात फिरलं. कँटीनमध्ये कोणीतरी तिची नक्कल करून चहा मागितला आणि बाकीचे हसले. पाच महिने ती फायलींना नंबर घालत बसली.

चौकशीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये तिला तो कॅप्टन पहिल्यांदा भेटला. नाव वरद. नवीन जालन्यातल्या भालचंद्ररावांचा मुलगा. भालचंद्रराव बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, गावात मान असलेले. वरदनं गोड हसून विचारलं, "तुम्ही वाटूरकडच्या ना? रेडिओवर आवाज ऐकला तेव्हाच ओळखलं. मीपण जालन्याचाच."

मोनिका लगेच म्हणाली,

"म्हंजे तुम्हाला माझं बोलणं समजलं व्हतं."

"अहो, तसं नाही. जबाबात काहीतरी लिहावं लागतं. मनावर घेऊ नका."

ती मला नंतर म्हणाली, "सर, त्याला खरंच समजलं नसतं ना, तर मी माफ केलं असतं. आवाजावरून गाव ओळखलं त्यानं. अन् लिहिलं की कळलं न्हाई. याला मी सोडणार न्हाई."

चौकशीत टेप वाजवली. तिचा शब्द न् शब्द स्वच्छ होता. वरदची सहवैमानिक तृप्ती हिनं सांगितलं की, "सर, हे आपल्याला आहे का?" असं तिनं तेव्हाच विचारलं होतं, कॅप्टननं हातानंच गप्प केलं. वरदला तीन महिने घरी बसवलं, पुन्हा ट्रेनिंगला पाठवलं. मोनिका माइकवर परतली. उच्चारांबद्दलचं ते वाक्य मात्र फायलीत तसंच राहिलं. चुकीचं आहे असं कोणी लिहिलं नाही, माफी कोणी मागितली नाही.

वरद पुन्हा उडायला लागला. आठवड्यातून दोनदा त्याचं विमान तिच्या पडद्यावर यायचं. "त्याला चारदा बोलायला लावता आलं असतं," ती म्हणाली. "नियमात बसवून रडवलं असतं. पण त्याच्या मागं दीडशे माणसं बसलेली असतात. त्यांचा काय गुन्हा? मी त्याच्याशी बाकीच्यांसारखंच बोलून राह्यले. जमिनीवर कधी सापडतो, वाट पाहून राह्यले."

तो पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत सापडला. नवीन जालन्यात एका सभागृहात त्याचा सत्कार ठेवला होता, विद्यार्थ्यांना मार्गदर्शनही होतं. मला बोलावणं होतं. मीच तिला फोनवर सांगितलं, हे इथं कबूल करतो. ती रजा टाकून आली, सांडू आणि आसराबाईंना घेऊन मधल्या रांगेत बसली.

सभागृह भरलं होतं. बियाणं कंपन्यांचे लोक, व्यापारी, शाळांची मुलं. पहिल्या रांगेत भालचंद्रराव. वरद छान बोलला. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मोनिका उभी राहिली. माइक घेतला नाही. तिला गरज नव्हती.

"मी रडारवर काम करते. पोरांनो, मी एक वाक्य बोलते, ऐका, अन् तसंच परत म्हणा. फाईव्ह वन सिक्स, डिसेंड टू एट थाउजंड फीट."

तीनशे मुलांनी एका सुरात वाक्य परत म्हटलं. एकही आकडा चुकला नाही.

"आता फाईव्ह सिक्स वन, मेंटेन टेन थाउजंड फीट."

तेही आलं. मुलं हसत होती, त्यांना खेळ वाटत होता. वरदचा चेहरा उतरला होता.

"शाब्बास. यातलं पहिलं वाक्य दीड वर्षामागं ऑगस्टमध्ये मी रेडिओवर याच आवाजात बोलले. साहेबांचा नंबर दुसरा व्हता, तरी ते खाली आले. अन् लेखी दिलं की बाईची बोली खेड्यातली आहे, समजत न्हाई. तुम्हा सगळ्यांना समजली. जालन्याच्या माणसाला जालन्याची बोली समजली न्हाई का, साहेब? एवढाच प्रश्न आहे माझा."

हसू थांबलं. वरद म्हणाला, "तो तांत्रिक विषय आहे, इथं नको."

पहिल्या रांगेतून भालचंद्रराव उठले. "वरद, तू असं लिहिलंस?"

"बाबा, घरी बोलू."

"लिहिलंस का?"

वरदनं मान खाली घातली. सत्काराची शाल त्याच्या खांद्यावरून घसरली, ती कोणी उचलली नाही. मोनिका उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं, आणि ते लपवायचा तिनं जरासुद्धा प्रयत्न केला नाही.

बाहेर आल्यावर आसराबाई म्हणाली, "म्हाताऱ्याचं तोंड पाह्यलं का तू? त्यांनी काय केल्तं तुझं?"

"पाह्यलं. त्यांच्यासाठी वाईट वाटलं. पण उद्या पुन्हा सभा भरली तर पुन्हा इचारीन."

तीन आठवड्यांनी तिच्या ऑफिसात पत्र आलं. उच्चारांबद्दलचं विधान मी मागे घेतो, खाली वरदची सही. मोनिकानं अर्ज करून ते चौकशीच्या फायलीत लावून घेतलं आणि एक प्रत कँटीनच्या फळ्यावर चिकटवली. चहा मागताना तिची नक्कल करणारा दोन दिवस कँटीनला न येता आपल्या टेबलावरच डबा खात होता.

त्याच महिन्यात भालचंद्रराव एकटे एसटीनं वाटूरला गेले. सांडू मेंढ्यांच्या वाड्यापाशी कोकरांना चारा टाकत होते. म्हातारा म्हणाला, "मुलाच्या वतीनं माफी मागायला आलोय." सांडूंनी त्यांना बाजेवर बसवलं आणि मोनिकाला फोन लावला.

"चहा दिला का त्यांना?" मोनिकानं विचारलं.

"ठिवलाय. तू बोलती का?"

भालचंद्ररावांनी फोन घेतला. "पोरी, आता मनातून काढून टाक."

"काका, तुमच्यावर माझा राग न्हाई. तुम्ही जेवूनच जा. पण वरदला सांगा, ते स्वतः आले तरी माझं उत्तर न्हाईच असेल."

म्हातारे जेवून गेले. वरद अजून तरी वाटूरला आलेला नाही.