मनगट ताठ ठेवा

धाकट्या मालकाने माझ्या वडिलांच्या तोंडात उलट्या हाताने मारली, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. मी पाच हातांवर रॅकेट घेऊन उभा होतो. त्याला शिकवायला.

सांगलीतल्या त्या बंगल्यामागे मातीचं टेनिस कोर्ट होतं. दुष्काळात माण तालुका सोडून आलेले माझे वडील, आबा, तिथं पाणी मारायचे, रोलर ओढायचे. मी फौजेत मार्कर होतो, म्हणजे साहेबांसमोर खेळायला उभा राहणारा पगारी गडी. खेळ तिथंच शिकलो. फौज सुटल्यावर मालकांनी पोराला शिकवायला ठेवलं. पहिल्याच दिवशी म्हणाले, "अंगाला हात लावायचा न्हाई. लांबनं शिकीव. कुठल्या वस्तीतला हाईस, ध्येनात ठेव."

फोरहँड लांबून शिकवता येतो. बॅकहँडला पोराचं मनगट धरून वळवावं लागतं. दोन महिने मी नुसता हवेत हात फिरवून दाखवला. चेंडू जाळीतच. मालक खुर्चीतून विचारायचे, "फौजेत भांडी घासत हुतास व्हय रं?" मी हसायचो. होय, हसायचो.

त्या दुपारी आबा रोलर थांबवून घाम पुसत होते. धाकट्याने रॅकेट टाकली. त्यांच्यासमोर गेला. "मार्कर, बघ रं. असंच का?"

फाट्. आबांचा पटका मातीत.

मालक हसले. "आत्ता जमलं गड्या!"

आणि मी? मी म्हणालो, "मनगट ताठ ठेवा, धाकटं मालक."

सवयीनं तोंडातून गेलं, असं सहा वर्षं स्वतःला सांगत आलो. खोटं आहे. काम जाईल म्हणून घाबरलो होतो.

पोरानं ऐकलं. मनगट ताठ ठेवलं. दुसरी जास्त लागली. ओठातून रक्त आलं. आबांनी मालकाकडे पाहिलं नाही, पोराकडे नाही. माझ्याकडे पाहिलं.

"चांगलं शिकीवतुयास," एवढंच बोलले.

तिसऱ्यांदा हात उठला तो मी धरला.

"सोड! बाटीवतोस व्हय त्याला?" मालक उठले. मी सोडला नाही. एवढंसं मनगट. मोडावंसं वाटलं, हेही लिहून ठेवतो. मग सोडलं. पटका उचलला. म्हणालो, "उद्यापासनं येणार न्हाई. आबाबी न्हाईत."

बंगल्यामागं राहायला दिलेली खोली दिवस मावळायच्या आत खाली करायला लावली. आबा पुढं चार वर्षं जगले. माझ्याशी कामापुरतं बोलले.

परवा बंगल्यावरून कार्ड आलं. धाकट्याने जिल्ह्याचा कप जिंकला, सत्कार आहे. माझ्या नावापुढं 'गुरुजी' छापलंय. मंचावर खुर्ची. दोन शब्द बोलायचे. त्यांना काही आठवतही नसेल.

जाणार आहे. त्याच्या बॅकहँडचं कौतुक होऊ दे. माइक माझ्याकडे येईल. पहिली चपराक त्याची, दुसरी माझी. दोन्ही सांगणार, भर सभेत.

माझी आधी.