तुम्मासचं कडवं

आमच्या तुम्मासला दुखणं एकच. होग्नीचं नाव निघालं की त्याच्या पोटात दुखतं. डॉक्टरकडे न्यावं तर त्यावर गोळी नाही. मी त्याची बायको सोल्वा. या माणसाबरोबर संसार करून केस पिकले माझे, मला ठाऊक नसणार तर कोणाला?

होग्नी म्हणजे 'ब्रिमवेगुर' बँडवाला. पाठीवर केस, दाढीत लोखंडी मणी, आणि स्टेजवर चढला की आमचे जुने देव ओडिन नि थोर, गोष्टीतला सूर्य गिळणारा लांडगा, सगळे एकदम अंगात आल्यासारखा ओरडतो. पण हा बँड जन्मला तो आमच्या होड्यांच्या शेडमध्ये, आणि त्याचा पहिला गायक आमचा तुम्मास. मी लोकरीचे हातमोजे विणत दाराशी बसायची. तेव्हा तुम्मासचा आवाज ऐकून समोरच्या डोंगरावरच्या मेंढ्या माना वर करायच्या. त्याच आवाजावर मी फसले, आता काय बोलायचं.

गाणी कुठून आली, तर तुम्मासच्या आजोबांकडून. आमच्या या उत्तरेकडच्या बेटांवर जुन्या गाथांना वाद्यं लागत नाहीत. हातात हात धरून रिंगण करायचं, पाय आपटत नाचायचं, एकाने कडवी सांगायची आणि बाकीच्यांनी पालुपद धरायचं. अजगर मारणाऱ्या वीराची गाथा तर संपता संपत नाही. ती सबंध पाठ असलेला गावात एकटा तुम्मास. होग्नीने त्यातली थोडी त्याच्याकडूनच उचलली.

पुढे कॅसेट काढायची वेळ आली. होग्नी म्हणाला, सुरुवातीची पाच-सात कडवी घेऊ, बाकी गिटार वाजवू. तुम्मासच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गाथा म्हणजे काय मेंढी आहे, हवा तो तुकडा कापायला? घ्यायची तर सबंध, नाहीतर मी चाललो, म्हणाला. त्याला वाटलं, होग्नी हातापाया पडेल. होग्नी म्हणाला, बरं, आणि माइक स्वतःकडे ओढला.

ती कॅसेट डेन्मार्कात गेली, मग जर्मनीत. तिकडच्या चिखलात भरणाऱ्या गाण्यांच्या मोठ्या जत्रेत हजारो पोरं आमच्या आजोबांचं पालुपद ओरडायला लागली. आमचा तुम्मास मासळीच्या कारखान्यात रबरी बूट घालून सॅमन साफ करत होता. विचारलं की म्हणायचा, तत्त्वासाठी सोडलं मी. तत्त्व कसलं डोंबलाचं! रेडिओवर 'ब्रिमवेगुर' लागलं की हा बंद करायला उठायचा, आणि बटणावर बोट ठेवून गाणं संपेपर्यंत तसाच उभा राहायचा. होग्नीचा ढोलवाला भांडून गेला, त्या रात्री याने बटाटे दोनदा वाढून घेतले. बँड अमेरिकेला गेला तेव्हा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, जणू मीच तिकिटं काढून दिली होती. मग कुठल्याशा मासिकात होग्नीचा फोटो आला, टाळूवर केस विरळ झालेले. त्या एका टकलावर आमचा अख्खा हिवाळा आनंदात गेला.

तरी एक गोष्ट होग्नीकडे नव्हती. दर फेब्रुवारीत गावच्या सभागृहात नाच होतो, आणि तिथे गाथा सांगायचा मान तुम्मासचा. बाकी वर्षभर तो कारखान्यातला कोणीतरी. त्या संध्याकाळी मात्र सगळं गाव त्याच्या तोंडाकडे बघायचं. त्यावर तो जगत होता.

गेल्या वर्षी बँडने विश्रांती घेतली, होग्नी गावात राहायला आला, आणि नाचाच्या समितीने परस्पर त्यालाच गाथा सांगायला बोलावलं. राजधानीतून, पार तोर्शहावनहूनसुद्धा लोक येतील म्हणे. तुम्मासला हे दुकानात कळलं. घरी येऊन म्हणाला, मी नाचाला येणार नाही. नको येऊस, मी म्हटलं. पण त्या दिवशी दाढी करून, चांगला स्वेटर घालून माझ्याआधी दारात उभा. का, ते मला पक्कं माहीत होतं. होग्नी कुठे अडतो ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि होग्नी अडलाच. कॅसेटमधली कडवी त्याने अशी म्हटली की पोरं खुळावली. पुढची दोन कशीबशी ओढली, मग थांबला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आमच्याकडे रीत अशी, की सांगणारा अडला तरी पाय थांबवायचे नाहीत, ज्याला येतं त्याने पुढचं कडवं उचलायचं. सगळ्या रिंगणाने तुम्मासकडे पाहिलं. होग्नीनेही पाहिलं.

"तुम्मास, घे ना," तो म्हणाला. साधं म्हणाला, अगदी आमच्या शेडमध्ये म्हणायचा तसं.

तुम्मास मिठाची गुळणी धरून. त्याचा हात माझ्या हातात होता. होग्नी गावासमोर मुका उभा राहावा, याचीच तो इतकी वर्षं वाट बघत होता, आणि ते सुख त्याला सोडवत नव्हतं. नुसते पाय वाजत होते. म्हातारे मान हलवायला लागले. मला असा संताप आला की काय सांगू. मीच कडवं उचललं. दाढी करताना, मेंढ्या भादरताना याने जन्मभर तेच गुणगुणलं, मला येणार नाही तर काय होईल? गाव पालुपद धरून माझ्यामागे आलं.

मग तलवार अजगराच्या काळजात शिरते ते कडवं आलं. ते तुम्मास म्हणायचा तेव्हा म्हाताऱ्यांचे डोळे भरायचे. मी तिथे थांबले. त्याचा हात दाबला. पाय वाजत राहिले. मी कोणासाठी थांबले ते होग्नीला कळलं, त्याने मान खाली घातली. तुम्मास समोरच्या भिंतीकडे बघत होता. मी आणखी एकदा हात दाबला, आणि मग ते सोडून पुढचं कडवं घेतलं.

घरी आल्यावर मी सुकवलेलं मटण आणि बटाटे टेबलावर ठेवले. तो बराच वेळ जेवला नाही. मग म्हणाला, "एक कडवं गाळलंस तू."

"गाळलं नाही. तुझ्यासाठी ठेवलं होतं."

"त्या होग्नीसमोर मी गाणार नव्हतो."

"होग्नी मान खाली घालून उभा होता, तुम्मास. तू बघितलंसुद्धा नाहीस."

बटाटे गार झाले.

यंदा समितीची माणसं दारात आली. तुम्मासने दार उघडलं, त्यांना बघून केसांवरून हात फिरवला. ते म्हणाले, सोल्वा आहे का घरात? यंदाची गाथा तिने सांगावी म्हणतोय. मी हो म्हणून टाकलं. तेव्हापासून होग्नी बाजूला राहिला, पोटात दुखतं ते माझ्या नावाने. माझे शब्द तुटतात, माझा श्वास पुरत नाही, बायकांच्या आवाजात गाथेला वजन येत नाही. मी ऐकून घेते आणि विणत बसते.

काल संध्याकाळी खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "ते कडवं यंदाही ठेवणार आहेस ना?"

"नाही," मी म्हटलं. "यंदा मीच म्हणणार."