दुसरी बॅटरी

लिफ्ट दुरुस्त करणारी ताई तीन वर्षं खपून बनवलेलं छोटं जेट विमान घेऊन मैदानावर आली होती. आजची परीक्षा पास झाली तरच तिला रिमोटवर जेट उडवायचा परवाना मिळणार होता. नाहीतर पुढची परीक्षा थेट वर्षाने.

विमानात दोन बॅटऱ्या होत्या. एक दगावली की दुसरीने आपोआप भार उचलायचा. उड्डाणाआधी ताई नेहमी पहिलीची वायर उपटून खात्री करायची. आज उपटली आणि रिमोटची कांडी फिरवली, तर विमान वळवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या हलेनात.

"परीक्षकांनी विचारलंय का तुला?" धाकटा भाऊ कुजबुजला. "लाव परत आणि उडव. कशाला पायावर धोंडा मारून घेतेस?"

"लिफ्टचा दुसरा ब्रेक लागत नसता, तर तू चढला असतास का रे?" म्हणत ताई सरळ परीक्षकांपुढे गेली. "साहेब, माझी दुसरी बॅटरी चालत नाहीये. नंबर शेवटी घ्या."

"तोवर वारा वाढेल, बाई."

"वाढू दे."

गाडीच्या डिकीपाशी उकिडवं बसून तिने दुसऱ्या बॅटरीचा जोड उघडला, वाकलेली पिन बदलली आणि पहिलीची वायर पुन्हा उपटली. पट्ट्या झटक्यात हलल्या.

तिचा नंबर आला तेव्हा परीक्षकांनी फडफडणाऱ्या झेंड्याकडे नुसतं बोट दाखवलं.

"दिसतोय," ताई म्हणाली आणि तिने इंजिन सुरू केलं.