रिन्स्काला उचलणारे हात

फेना बोल्हाउस आपल्या मुलीला दिवसातून सहा वेळा उचलायची. सकाळी पलंगावरून न्हाणीघरात, तिथून चाकांच्या खुर्चीत, दुपारी खुर्चीतून पलंगावर, मग परत खुर्चीत, संध्याकाळी पुन्हा न्हाणीघर आणि शेवटी पलंग. डावा हात गुडघ्यांखाली, उजवा पाठीमागून काखेत, मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर आणि तोंडाने “एक, दोन आणि होप!” रिन्स्का तान्ही होती तेव्हापासूनचा हा शिरस्ता. आता रिन्स्का सत्तावीस वर्षांची होती, वजन सत्तावन्न किलो. फेना बावन्न वर्षांची, ठेंगणी, आणि मुलीपेक्षा जेमतेम तीन किलोंनी जास्त.

जन्माच्या वेळी नाळ गळ्याभोवती अडकली आणि रिन्स्काच्या मेंदूला काही मिनिटं हवा मिळाली नाही. एवढ्या थोड्या वेळाने पुढचं सगळं ठरवून टाकलं. तिला चालता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, हात मनासारखे हलवता येत नव्हते. ‘हो’ म्हणायचं असलं की ती डोळे वर करायची, ‘नाही’ म्हणायचं असलं की घट्ट मिटून घ्यायची. हसायची मात्र खदखदून. बशी फुटली की हसायची, कुणी अडखळून पडलं की त्याहून जास्त हसायची. तिचा बाप राइंट ती सहा वर्षांची असताना घर सोडून गेला आणि दक्षिणेकडे दुसरा संसार थाटून बसला. फेनाने बेकरीतली नोकरी सोडली. उत्तरेकडच्या लॉपरसुम गावापुढे, समुद्राच्या बांधालगत असलेल्या त्या विटांच्या घरात मायलेकी दोघीच उरल्या.

नगरपालिकेची हेडविख पहिल्यांदा आली तेव्हा रिन्स्का अठरा वर्षांची होती. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की कुठली साधनं द्यायची हे बघायचं तिचं काम. ती उचलायच्या यंत्राचं चित्र घेऊन आली होती. खाली चार चाकं, वर लांब दांडा, दांड्याला अडकवलेली कापडी झोळी.

“फेनाबाई, तुमची पाठ कायमची अशी राहणार नाही,” हेडविख म्हणाली.

“माझी पाठ मला ठाऊक आहे. कॉफी घ्या, बिस्किट घ्या, आणि ते चित्र घेऊन जा.”

“निदान मुलीसाठी तरी—”

“मुलीसाठीच नको म्हणतेय.”

तीन वर्षांनी हेडविख पुन्हा आली, पुन्हा कॉफी पिऊन गेली. गावाला वाटलं, बाई हट्टी आहे. खरं कारण फेनाने एकट्या वुबोला सांगितलं होतं. वुबो म्हणजे पलीकडच्या गोठ्याचा म्हातारा मालक, सत्तरी उलटलेला, गायी विकून टाकल्यावर दिवसभर कुंपणावर रेलून दुसऱ्यांच्या गायींना नावं ठेवणारा.

“ती अकरा वर्षांची असताना आठवडाभर तिला अपंगांच्या एका निवासात ठेवलं होतं,” फेना म्हणाली. “मला न्यूमोनिया झाला होता. परत आली तर मांडीवर हाताएवढा काळानिळा डाग. कुणी सांगेना कसा झाला. रिन्स्काला विचारते तर नुसते डोळे मिटते. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा नाही.”

“त्याचा यंत्राशी काय संबंध?”

“अहो वुबो, आज तिला फक्त मी उचलू शकते. म्हणून ती माझ्याजवळ आहे. ते यंत्र घरात आलं की कुणीही बटण दाबेल आणि तिला उचलेल. मग म्हणतील, आईची गरजच काय?”

वुबोने रस्त्यावर कुणी आहे का पाहिलं. मग म्हणाला, “हे तू कुणाला बोलू नकोस. वेडी म्हणतील.”

“म्हणून तर तुम्हाला सांगितलं.”

पाठदुखी पन्नाशीच्या आसपास सुरू झाली. सत्तावन्न किलो सहा वेळा उचलायचे म्हटल्यावर पाठ दुखणारच, असं फेनाने धरलं. डॉक्टरांनीही तेच धरलं आणि गोळ्या दिल्या. बायकांच्या छातीच्या तपासणीची गाडी दोनदा गावात येऊन चर्चजवळ उभी राहिली, पण अर्धा तास रिन्स्काला कुणाजवळ सोडायचं म्हणून फेना गेली नाही. गोळ्या दोनाच्या चार झाल्या. ती दात आवळून उचलत राहिली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी न्हाणीघरात, मुलीला खुर्चीत ठेवायला वळत असताना, फेनाच्या कमरेत काहीतरी कडकन मोडलं. पाय जागच्या जागी गेले. ती रिन्स्काला घेऊनच खाली कोसळली, आणि कोसळली ती मुलीच्या मांडीवर. दुसरा आवाज तिने ऐकला तो मुलीच्या हाडाचा.

दोघी ओल्या लादीवर पडून होत्या. फोन स्वयंपाकघरात. फेनाला कोपरावरसुद्धा उठता येईना. रिन्स्का ओरडत होती, ओरडून ओरडून तिचा आवाज बसला, मग नुसता घशातून वारा निघत राहिला. हाताला लागलेला टॉवेल फेनाने ओढून तिच्या उघड्या अंगावर टाकला. “आहे गं मी, इथेच आहे,” एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. दुपारचे बारा वाजले तरी पुढच्या खोलीचे पडदे उघडले नाहीत, हे वुबोच्या ध्यानात आलं. तो मागच्या दाराने आत शिरला. पाच तास झाले होते.

ख्रोनिंगन शहरातल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी फेनाला मणक्याचं चित्र दाखवलं. कर्करोग छातीत सुरू झाला होता आणि मणक्यात उतरला होता. पोखरलेला मणका त्या दिवशी मोडला. हातात काही महिने, फार तर एक वर्ष.

“हे उचलण्यामुळे झालं का?” फेनाने विचारलं.

“रोग उचलण्यामुळे होत नाही.”

“मग वेळेवर का कळला नाही?”

डॉक्टरीणबाईंनी खोटं सांगितलं नाही. “दुखणं उचलण्याचं आहे असं सगळ्यांनी धरून ठेवलं, म्हणून.”

फेना भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी तिने हेडविखला फोन लावून घेतला.

“तुमचं ते यंत्र,” ती म्हणाली. “अजून मिळेल का?”

रिन्स्काला तोवर दुसऱ्याच एका निवासात तात्पुरतं ठेवलं होतं, मांडीला प्लास्टर घालून. ती खात नव्हती. पंचावन्न किलो, चोपन्न, त्रेपन्न. तिला घरी आणायचं तर यंत्र हवं, आणि दिवसातून चार वेळा येणाऱ्या बायका हव्यात, अशी अट होती. फेनाने दोन्ही मान्य केलं. छताला रूळ बसवून त्यावर फिरणारं यंत्र सगळ्यात सोयीचं, पण जमिनीखालचा गॅस काढून काढून आमच्या भागातल्या घरांना जे हादरे बसलेत, त्यांनी फेनाच्या भिंतींना मूठ जाईल एवढे तडे पाडले होते. ठेकेदाराने छताकडे एकदा पाहिलं आणि मान हलवली. म्हणून चाकांचं यंत्र आलं. त्यासाठी गालिचे गुंडाळावे लागले, दोन उंबरे वुबोने करवतीने कापून काढले.

“बगळा आहे हा,” यंत्राच्या वाकड्या मानेकडे बघत वुबो म्हणाला. “बेडूक शोधतोय.”

रिन्स्का घरी आली आणि झोळी अंगाखाली सरकवताक्षणी लाकडासारखी ताठ झाली. पट्टे आकड्यांना अडकवले, दांडा वर जाऊ लागला, आणि पलंग पाठीखालून सुटल्याबरोबर तिने अशी किंकाळी फोडली की हेडविखने घाबरून तिला परत खाली ठेवलं. फेना कमरेला कडक पट्टा बांधून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. तिला उठायची मनाई होती. मुलगी आईकडे बघत होती, आई का उचलत नाही म्हणून.

“पुन्हा नको,” फेना म्हणाली. “आज नको.”

“उद्याही असंच होईल, बाई.”

“मला बसवा त्यात,” वुबो दारातून म्हणाला.

“तुम्हाला?”

“का? माझं वजन शहाण्णव आहे. झेपेल का तुमच्या बगळ्याला?”

“दीडशे झेपतात.”

“मग बसवा की. बसकण मारलेल्या गायी मी साखळीने उचलल्यात. गायीला काय वाटत असेल ते तरी कळू दे.”

हेडविखने त्याला आरामखुर्चीत बसवलं, झोळी पाठीमागून खाली घातली, पट्टे मांड्यांखालून काढून अडकवले आणि बटण दाबलं. म्हातारा गुडघे छातीशी घेऊन वर गेला. एक लाकडी खडाव पायातून निसटून खाली आदळली. विजार वर सरकून पांढऱ्याफटक पोटऱ्या दिसायला लागल्या.

“अरे देवा, वरून माझी आई बघेल!” तो ओरडला. “उतरवा! नको, थांबा, अजून थोडं वर. इथून माझं छप्पर दिसतंय. एकाही मेल्याने सांगितलं नाही मला की कौल फुटलंय!”

रिन्स्का हसली. महिन्यानंतर पहिल्यांदा ती खदखदून, अंग हलवून हसली. फेनाने तोंडावर हात दाबून धरला.

त्यानंतरही सगळं सोपं झालं नाही. किंकाळी पंधरा दिवस चालली, हळूहळू कण्हणं झालं. फेना खुर्चीतून मोजायची, “एक, दोन आणि होप,” आणि ‘होप’ला आलेल्या बाईने बटण दाबायचं, आधी नाही, नंतर नाही. खांद्याकडचा पट्टा आखूड अडकवला नाही तर हनुवटी छातीवर पडते आणि मुलगी गुदमरते, हे फेनाने शोधून काढलं. पुस्तिकेत ते नव्हतं. येणाऱ्या प्रत्येक बाईकडून ती हे वदवून घ्यायची. एकीने वैतागून म्हटलं, “सतरा वर्षं हे काम करतेय मी.” फेना म्हणाली, “माझ्या मुलीला पहिल्यांदाच उचलताय.”

मेमध्ये तिला पायऱ्या चढता येईनाशा झाल्या. तेव्हा तिने स्वतःच निवासांची यादी मागवली. वुबोने गाडी काढली. तीन जागा तिने बघितल्या आणि नाकारल्या. चौथी डेल्फझाइलला, बंदराकडे खिडक्या असलेली. तिथे एग्बर्ट नावाचा पन्नाशीचा, फावड्यासारख्या हातांचा माणूस काम करत होता.

“आधी काय करायचात?” फेनाने त्याला थेट विचारलं.

“कत्तलखान्यात होतो. एकवीस वर्षं.”

“आणि मी माझी मुलगी तुमच्या हातात द्यायची?”

एग्बर्टने वाईट मानून घेतलं नाही. “उचलण्याआधी जनावराशी बोलायचं, हे तिथेच शिकलो,” तो म्हणाला. “जे बोलत नव्हते त्यांना लाथा बसायच्या.”

फेनाला ते उत्तर आवडलं की नाही, हे वुबोला कळलं नाही. पण परतताना ती म्हणाली, “त्याला सोमवारपासून घरी पाठवतील का, विचारा.”

उन्हाळाभर एग्बर्ट आठवड्यातून दोनदा येत राहिला. आधी फेना खोलीत असताना, मग दारात असताना. ऑगस्टमध्ये एकदा ती म्हणाली, “आज मी आत बसते. तुम्ही दोघंच करा.” वुबोने तिला स्वयंपाकघरात टेबलाशी नेऊन बसवलं. समोर मोहरीचं सूप होतं, तिने चमचा उचलला नाही. पलीकडून बगळ्याची मोटर गुरगुरली. एग्बर्टचा जाड आवाज आला, “एक, दोन आणि होप.” मग चाकं फिरल्याचा आवाज. मग खुर्चीची कुरकुर. किंकाळी नाही, कण्हणं नाही.

“झालं की गं,” वुबो हळूच म्हणाला. “ओरडली नाही.”

“ऐकलं मी.”

“मग रडतेस कशाला? याच्यासाठीच तर चाललं होतं सगळं.”

“हो,” फेना म्हणाली. “याच्यासाठीच.” आणि तिने टेबलावर डोकं ठेवलं. सोळा वर्षं ज्या गोष्टीला ती घाबरत आली होती, ती तिने स्वतःच्या हाताने, चार महिने खपून घडवून आणली होती.

सप्टेंबरच्या मध्यात रिन्स्का डेल्फझाइलला राहायला गेली. नवीन जागी रोज संध्याकाळी ती रडायची, हे फेनापासून कुणी लपवलं नाही, कारण तिने तशी ताकीद दिली होती. दर रविवारी वुबो फेनाला तिकडे न्यायचा, पुढे ते जमेनासं झालं. नगरपालिकेची माणसं रिकामा बगळा न्यायला आली तेव्हा फेनाने त्यांना थांबवलं.

“आणखी थोडे दिवस राहू द्या,” ती म्हणाली. “एक काम आहे.”

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एग्बर्ट आपल्या सुट्टीच्या दिवशी निवासाची गाडी घेऊन आला. त्याने रिन्स्काला आत आणलं, झोळी लावली, मोजलं आणि उचललं. यंत्राचे पाय फेनाच्या पलंगाखाली सरकवले आणि मुलीला हळूहळू आईच्या शेजारी उतरवलं. आईचं वजन तेव्हा एकेचाळीस किलो होतं. एकात एक चमचे बसावेत तशा त्या दोघी त्या अरुंद पलंगावर कुशीवर मावल्या, एकीची पाठ दुसरीच्या पोटाशी. फेनाने मुलीच्या केसात नाक घातलं. “वेगळा साबण वापरतात,” ती म्हणाली. एग्बर्ट आणि वुबो स्वयंपाकघरात उभे राहिले, त्यांनी कॉफीही केली नाही. तासाभराने रिन्स्काला पुन्हा झोळीत घेतलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले. एग्बर्ट थांबला. अर्धा तास अजून थांबला. मग उचलावंच लागलं.

पाच दिवसांनी फेना गेली. चर्चमध्ये रिन्स्का पहिल्या रांगेत, खुर्चीत होती. राइंट आला होता, मागच्या बाकावर बसला, मुलीजवळ जायचं धाडस त्याला झालं नाही. उकडलेल्या अंड्यांचे सँडविच आणि कॉफी घेऊन लोक आपापल्या घरी गेले. घराच्या भिंतींना आधाराचे वासे लावले गेले, आणि ते अजून रिकामंच आहे.

रिन्स्काची मांडी थोडी वाकडी जुळली. तो सगळा हिवाळा ती हसली नाही, चमच्यासमोर तोंड मिटायची. मार्चमध्ये खायला लागली. वुबो दर गुरुवारी बसने जातो, तिच्याशेजारी बसून बंदरातल्या जहाजांना नावं ठेवतो. आई मेली हे तिला कळलंय, असं वुबो म्हणतो. एग्बर्टचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते ती अजून वाट बघते, कारण उचलून झालं की प्रत्येक वेळी तिची मान दाराकडे वळते. विचारायचं कसं, हे दोघांनाही सुचलेलं नाही.