माणिकबाईची उघडी मूठ

अमरावतीच्या फूलबाजारात माझ्या नारळाच्या दुकानाला खेटून माणिकबाई बसते. अचलपूरच्या बाजूला तिचं नि देवीदासचं झेंडू-शेवंतीचं वावर आहे. फुलं तोडायची देवीदासनं आणि विकायची माणिकबाईनं, अशी नवरा-बायकोची वाटणी. पहाटेच्या एसटीनं गाठोडी घेऊन ती उतरते ती बोलतच. कोणी भाव पाडून मागितला की विचारते, देवाच्या हारातही काटकसर करता तर नवस कोणत्या तोंडानं बोलता? गिऱ्हाईक हसतं आणि ती सांगेल त्या भावात फुलं नेतं. तिच्या बडबडीनं माझं डोकं उठतं, पण तिच्या गिऱ्हाइकांमुळे माझे नारळही खपतात, म्हणून मी सोसतो.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर ही बाई गप्प झाली. मला वाटलं घसा बसला असेल. मग तिची पोरगी गीतांजली दुकानावर आली, तिच्याकडून कळलं.

माणिकबाईला एक फोन आला होता. बोलणारा हिंदीत, आवाज मोठा अदबीचा. मोठ्या कार्यक्रमाला दोन क्विंटल झेंडू हवा, इसार आत्ताच पाठवतो म्हणाला. आमच्या बाजारात ज्यानं आगाऊ इसार दिला तो माणूस खरा, त्याचा माल राखून ठेवायचा, ही जुनी वहिवाट. इसार घेऊन पळालेले आम्ही पाहिले होते, पण इसार देतो म्हणणारा चोर असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. त्यानं मोबाइलवर एक चौकोनी चित्र धाडलं. ते उघडा, पिन टाका, पैसे जमा होतील म्हणाला. तिनं टाकला. जमा काहीच झालं नाही, खात्यात होते ते मात्र गेले. पैसे घ्यायचे असतील तर पिन टाकावाच लागत नाही, हे गीतांजलीनं आईला नंतर समजावलं. म्हणजे बैल गेला नि झोपा केला.

देवीदास म्हणाला, कोणाला सांगायचं नाही. गीतांजलीच्या सोयरिकीची बोलणी चालली होती. स्थळ अकोल्याकडचं, घरची रोपवाटिका, मुलगा कुंदन निर्व्यसनी. स्थळ मीच आणलं होतं, म्हणून मलाही देवीदासचं पटलं. जी बाई परक्याच्या एका फोनवर हंगाम घालवते तिची पोरगी आमचं घर काय सांभाळणार, असं कोणी म्हणालं तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा पोलिसातही कोणी गेलं नाही.

मग चार-पाच दिवसांनी समोरचा पुंजाजी तसाच नागवला गेला. तोच अदबीचा आवाज आणि तोच इसार. पुंजाजी दिवसभर डोक्याला हात लावून बसला होता. माणिकबाई काटा तसाच टाकून माझ्याकडे आली आणि पदर तोंडाशी धरून रडली.

"पुढच्याले ठेच लागली का मागचा शायना होते म्हन्तात," ती म्हणाली. "पन पुढचा ओरडलाच नाई त मागच्याले समजन कसं, किशोरभाऊ?"

मी नारळ सोलत बसलो.

दसरा झाला आणि पाहुणे माणिकबाईच्या घरी मुलगी बघायला आले. कुंदन, त्याचे वडील खुशालराव आणि आई आशाबाई. आशाबाई म्हणजे कडक इस्त्रीची बाई, शब्द मोजून बोलणारी. पोरापोरींचं मात्र चांगलंच जुळलं. गुलाबाच्या कलमाला डोळा कधी भरावा यावरून दोघं असे बोलत बसले की समोरचा चहा निवून गेला. देवीदासचा चेहरा खुलला आणि मी मनातल्या मनात लग्नाला कोणता सदरा घालायचा ते ठरवलं.

आशाबाईंचा फोन सारखा वाजत होता. शेवटी त्या उठून अंगणात गेल्या. मी तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला गोठ्याच्या कोपऱ्यात गेलो होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं. टॅक्स भरला, विम्याचे भरले, आता पासिंगचे संध्याकाळी धाडते, पण गाडी दिवाळीच्या आत आली पाहिजे आणि घरी कोणाला फोन करू नका, असं त्या दबक्या आवाजात सांगत होत्या. माणिकबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागे येऊन उभी राहिली होती. आशाबाई दचकल्या. मग जराशा लाजून त्यांनीच सांगितलं, की मोबाइलवरून मिक्सर मागवला, त्याच्या दिवाळी सोडतीत चारचाकी लागली आहे. कुंदनच्या मांडवासमोर एकदम उभी करायची आहे, म्हणून घरी बोलल्या नाहीत.

मी आशाबाईंच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं. हात जोडले. माणिकबाईनं माझ्याकडे पाहिलं. आतून गीतांजलीच्या हसण्याचा आवाज आला, तिकडेही तिनं पाहिलं.

"रागावू नोका बाई," ती म्हणाली. "गाडी-बिडी काई येत नाई. असाच गोड बोलनारा मलेबी भेटला होता. माह्या झेंडूचा सारा पैसा घेऊन गेला. तुमी आता एक रुपया धाडू नोका."

आशाबाईंचा चेहरा उतरला. आमच्याकडे कंपनीचं शिक्क्याचं पत्र आहे, एवढं बोलून त्या आत गेल्या आणि बसची वेळ झाली म्हणाल्या. पसंती कळवतो, हे शब्दसुद्धा कोणी उच्चारले नाहीत.

मी माणिकबाईला नाही नाही ते बोललो. हातातोंडाशी आलेला घास घालवलास म्हणालो. देवीदासनं तर बोलणंच टाकलं. गीतांजली तेवढी म्हणाली की आई बरोबर बोलली. म्हणताना तिचे डोळे भरले होते. पोरीच्या मनात कुंदन बसला होता, हे दिसायला चष्मा लागत नव्हता.

आता झाकायला काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माणिकबाईनं पुंजाजीला शेजारी बसवून मोबाइलवरच्या फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी नंबरवर फोन लावला आणि दोघांची तक्रार नोंदवली. उशीर झाला, पैसे मिळतील न मिळतील, पण लगेच कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं पलीकडच्यानं सांगितलं. मग ती पुन्हा बोलू लागली, पण पूर्वीसारखी थट्टा करत नव्हती. फोन वाजला की दचकून बघायची. अकोल्याचा फोन येत नव्हता.

धनत्रयोदशीला बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. त्या गर्दीतून आशाबाई एकट्या आल्या आणि माणिकबाईच्या शेजारी रिकाम्या पोत्यावर बसल्या. इस्त्री मोडली होती. मी नारळ द्यायचा थांबलो, गिऱ्हाईक खेकसलं तरी.

इकडेतिकडे बघत त्या कुजबुजू लागल्या. त्या संध्याकाळी पैसे धाडायला बोट लावलं आणि हात थांबला. घरी सांगितलं. खुशालराव दोन दिवस जेवले नाहीत, मग तेच सोबत पोलिसांत आले. आधीचे गेले, पण कुंदनच्या लग्नासाठी ठेवलेले वाचले.

"पोरगी त त्याच दिवशी पसंत होती," आशाबाई म्हणाल्या. "पन तुमाले तोंड कसं दाखवू? माह्यापायी तुमाले तुमची गोष्ट उघडी करा लागली." मग त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "फसली मी, बाई."

माणिकबाईनं ओंजळभर झेंडू त्यांच्या पदरात टाकला.

"हळू काहून बोलता, इहीनबाई?" ती म्हणाली. "चोरी तुमी केली का?"