मंडपामागचा जनरेटर

आमच्या गावात सरकारी कामाचं उद्घाटन जनरेटरवर होतं. हे मी कौतुकानं सांगत न्हाई. वीस वर्षं नगरपंचायतीत वायरमन हाय मी. पाण्याची मोटर असो की चौकातले दिवे, वीजजोडणी मंजूर व्हायच्या आधीच नारळ फुटतो. मंडपामागं जनरेटर लावायचा, पाहुण्यांनी बटण दाबायचं, फोटो वर पाठवायचा. मग जनरेटर पुन्हा शेडात.

गाड्या चार्ज करायची मशीन अशीच सुरू झाली. लहान गावांसाठी सरकारचा निधी आला आणि बसस्टँडमागं मशीन उभी राहिली. साहेब म्हणाले, "मीटर आठ दिवसांत येतंय, उद्या तेवढं चालवून दे." दिलं चालवून. हिरवा दिवा लागला, टाळ्या पडल्या. माझी माय पुढंच बसली होती. तिनं मशीनला हात जोडले अन् शेजारणीला म्हणाली, "माझ्या बारक्यानं लावलाय दिवा." मी बी खुशाल मिरवून घेतलं.

मायच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला लातूरला न्यावं लागायचं, अन् एसटीतले धक्के तिला सोसेनात. थोरल्या भावाची पेट्रोलची रिक्षा खिळखिळी झालेली. ती देऊन त्यानं बॅटरीची घेतली. घ्यायच्या आधी मला विचारलं होतं, "मशीन पक्की चालू ना रे?" मी म्हणालो, "हाव. आठ दिवसांत."

मीटर काही आलं न्हाई. वीज कंपनी म्हणे नवी लाईन ओढावी लागंल, खर्च तुम्ही भरा. वर निधी मागावा तर तिथं आमचाच फोटो लागलेला. चालू मशीनला परत पैसा कशाला, असं उत्तर आलं. चुलीत घालावेत असले कागद! घरी प्लग लावावा तर दिवसा लाईट न्हाई, अन् आली तर पंखा फिरायची मारामार. अर्ध्यामुर्ध्या बॅटरीवर भाऊ मायला नेत राहिला.

एकदा लातूरहून येताना रिक्षा बंद पडली. भर दुपार, बाभळीची तुटपुंजी सावली. सुया टोचलेला हात पदरात धरून माय दोन तास तिथं बसून होती. भाऊ रिक्षा ढकलत होता, चार पावलं जाऊन थांबत होता. शेवटी एका टेम्पोवाल्यानं दोघांना गावात आणून सोडलं.

पुढच्या खेपेला ती बाजेवरून उठलीच न्हाई. "मला नका नेऊ रे. लेकाचे हाल बघवत न्हाईत." आम्ही पाया पडलो, ओरडलो, मी तर रडलो. लई हट्टी बाई. पंधरा दिवसांत गेली. तोवर भेटायला येईल त्याला सांगायची, ती मशीन माझ्या लेकानं चालू केली. मी जमिनीकडं बघत बसायचो.

तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन आला, तपासणीला अधिकारी येऊन राहिलेत. भादरलेल्या डोक्यावर टोपी घालून मी गेलो. शेडातून जनरेटर ओढत आणला, हँडल मारलं. हिरवा दिवा लागला. अधिकाऱ्यांनी फोटो काढला, चहा घेतला, गेले.

मी जनरेटर बंद करायला वाकलो तर भाऊ समोर. रिक्षा ढकलत आला होता. त्यानं मशीनची वायर रिक्षाला लावली. रिक्षा चार्ज व्हायला लागली. तो जनरेटरकडं बघत राहिला.

"हा कुठं असतो?"

"शेडात."

"किल्ली?"

"माझ्याकडंच असते."

"अन् डिझेल?"

"असतंय थोडं."

त्यानं शिवी दिली न्हाई, अंगावर आला न्हाई. हळूच म्हणाला, "मग मायसाठी का न्हाई लावलास रे?"

देवाशपथ सांगतो, ते माझ्या डोक्यातच आलं न्हवतं. जनरेटर फोटोसाठी असतो, एवढंच मला ठाऊक होतं.